निवारा सोडलेल्या ज्येष्ठांचे पहिले वर्ष : सामाजिक न्याय विभागाला आणि जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव, सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग, महाराष्ट्र शासन
सर्व जिल्हाधिकारी
सर्व उपविभागीय अधिकारी, ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणांचे पीठासीन अधिकारी
सर्व पोलीस आयुक्त व पोलीस अधीक्षक

विषय : घरच्या छळामुळे निवाऱ्यात आलेल्या ज्येष्ठांना तिथून बाहेर पडल्यावर द्यायचा आधार

महोदय, महोदया,

घरातल्यांनी मारहाण केली, उपाशी ठेवले किंवा दाराबाहेर काढले म्हणून तात्पुरत्या निवाऱ्यात आलेली वृद्ध व्यक्ती तिथून बाहेर पडली, की सरकारी दप्तरी तिचे प्रकरण संपते. नोंदवहीत ‘मुलाकडे सोपवले’ किंवा ‘वृद्धाश्रमात दाखल’ अशी एक ओळ पडते, सही-शिक्का होतो. पुढे त्या व्यक्तीचे काय झाले, हे विचारणे कुणाच्याच कामात मोडत नाही. आम्ही निवारा, समुपदेशन, न्यायाधिकरणातले अर्ज आणि गृहभेटी या कामांतले कार्यकर्ते आहोत. आमची मागणी एकच आहे. निवारा सोडल्यानंतरचे पहिले वर्ष हा संरक्षणाचाच भाग माना, त्यासाठी प्रत्येक ज्येष्ठामागे नावानिशी एक माणूस नेमा आणि त्याच्या भेटींसाठी पैशांची तरतूद करा.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमांची तरतूद आहे (कलम १९), पण छळातून सुटून आलेल्या माणसाच्या तात्पुरत्या निवाऱ्याबद्दल आणि तिथून परतण्याबद्दल एक शब्दही नाही. त्यामुळे प्रत्यक्षात जे हाती असेल त्यावर भागवले जाते. महिलांना सखी केंद्रात, म्हणजे हिंसा सोसलेल्या महिलांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, साधारण पाच दिवस थांबता येते, पुरुषांना शहरी बेघर निवारा दाखवला जातो, आणि उरलेल्यांसाठी एखाद्या वृद्धाश्रमाच्या संचालकांना गळ घालावी लागते. एवढ्या थोड्या मुदतीत बाहेर पडण्याचा दिवस खाट कधी रिकामी हवी आहे यावरून ठरतो, नाहीतर मुलगा गाडी घेऊन कधी आला यावरून. तो ठरायला हवा बाहेरची तयारी पाहून. स्वतःच्या हातात येणारा पैसा, आतून लावता येणारे दार, महिनाभराची औषधे आणि नक्की येणारा एक माणूस, या चार गोष्टी तयार असल्याशिवाय कुणालाही परत पाठवू नये.

आधी पैशाबद्दल, कारण बहुतेक गाडे तिथेच अडते.

छळ होणाऱ्या ज्येष्ठांकडे पैसे नसतात असे नाही. अनेकांना पेन्शन असते, कुटुंब निवृत्तीवेतन असते, श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये येतात. ते खाते चालवतो मात्र दुसराच कुणी. पासबुक कपाटात कुलपाखाली, एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नातवाचा, आणि खाते ‘दोघांपैकी कुणीही’ या प्रकारचे. ज्येष्ठ निवाऱ्यात असतानाही पैसे काढले जात राहतात, आणि परत गेल्यावर पहिल्या तारखेला पुन्हा तेच. म्हणून निवाऱ्याच्या पहिल्याच आठवड्यात कार्यकर्त्याने ज्येष्ठांना सोबत नेऊन दुसऱ्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात एकट्याच्या नावाने नवे खाते उघडावे. सिमकार्ड ज्येष्ठांच्याच नावाचे घ्यावे, तोच नंबर खात्याला आणि आधारला जोडावा. त्यानंतर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला किंवा तहसीलच्या संजय गांधी शाखेला (श्रावणबाळसारख्या योजनांचे काम पाहणाऱ्या) खातेबदलाचा अर्ज देऊन पोच घ्यावी. थेट लाभ हस्तांतरणाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. नवे खाते उघडले पण आधारची जोडणी जुन्याच खात्याशी राहिली, तर पैसे पुन्हा जुन्याच खात्यात पडतात. ही चूक सर्रास होते, आणि ती लक्षात येईपर्यंत दोन-तीन महिन्यांची रक्कम गेलेली असते. जुने संयुक्त खाते घाईने बंद करू नये. आधी त्याचा गेल्या वर्षभराचा उतारा काढून ठेवावा, न्यायाधिकरणात तोच पुरावा ठरतो.

आधारचा बायोमेट्रिक वापर कुलूपबंद करता येतो. घरात एखादा नातेवाईक ‘अंगठा लाव’ म्हणून गावातल्या बँक मित्राकडे नेऊन पैसे काढत असेल, तर हे कुलूप उपयोगी पडते. पण रेशन दुकानातही अंगठाच लागतो, म्हणून ते कधी उघडायचे आणि कसे, हे ज्येष्ठांना आधी दोनदा करून दाखवावे. बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी रेशन दुकानात डोळ्याची पडताळणी किंवा ओटीपीची सोय मागावी. ‘अंगठा उमटत नाही’ म्हणून धान्य नाकारले गेले, तर त्याच दिवशी पुरवठा निरीक्षकाकडे लेखी तक्रार जायला हवी. सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँक सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. शाखा व्यवस्थापकापुढे ही आठवण लेखी ठेवली की बहुतेक वेळा काम होते.

रेशनकार्ड हा त्यातला सगळ्यांत चिवट प्रश्न. ज्येष्ठांचे नाव मुलाच्या कार्डावर असेपर्यंत धान्य मुलाच्या घरी जाते, आणि श्रावणबाळ योजनेच्या अर्जात २१,००० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेला मुलाचा पगार आडवा येतो. स्वतंत्र कार्डासाठी आधी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, आणि तो मागायला गेले की कार्डधारक मुलाची सही आणायला सांगतात. ज्याने आईला घराबाहेर काढले, त्याचीच सही आईने आणायची! इथे शासनाने एक परिपत्रक काढावे, एवढीच आमची विनंती आहे. निवाऱ्याच्या अधीक्षकांचा दाखला किंवा न्यायाधिकरणात दाखल अर्जाची प्रत जोडली असेल, तर कार्डधारकाच्या संमतीशिवाय नाव कमी करून स्वतंत्र कार्ड द्यावे, आणि तलाठ्यांनी उत्पन्नाचा दाखला त्या एकट्या व्यक्तीच्या उत्पन्नावर द्यावा.

आता न्यायाधिकरणाच्या आदेशांकडे येतो. २००७ च्या कायद्याने मुलांकडून निर्वाह भत्ता मागणारा अर्ज ज्येष्ठ जिथे राहतात किंवा शेवटचे राहिले तिथे, किंवा मुले राहतात तिथे करता येतो. म्हणजे निवारा दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी तिथल्या प्रांत कार्यालयात अर्ज घेतला गेलाच पाहिजे. ‘तुमच्या गावाकडे जा’ हे उत्तर बेकायदेशीर आहे. ज्येष्ठ स्वतः अर्ज करण्याच्या स्थितीत नसतील, तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, आणि न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा आहे, अपवाद म्हणून एकदाच ३० दिवस वाढवता येतात. दरम्यान अंतरिम निर्वाह भत्ता देता येतो. ही अंतरिम तरतूद फार थोड्या वेळा वापरली जाते, आणि माणसाला निवाऱ्यातून बाहेर पडताना सर्वाधिक गरज तिचीच असते. अर्जासोबतच अंतरिम भत्त्याची वेगळी मागणी लिहावी, आणि पीठासीन अधिकाऱ्यांनी पहिल्याच तारखेला तिच्यावर निर्णय द्यावा.

निकालाचे म्हणाल, तर सर्वांत जास्त नुकसान तडजोडीत होते. तारखेला मुलगा येतो, रडतो, ‘मी सांभाळतो’ म्हणतो. आई विरघळते, आणि ‘पक्षकारांत समेट झाल्याने अर्ज निकाली’ असा शेरा पडतो. महिन्याभराने परिस्थिती पुन्हा तीच होते, तेव्हा हातात अंमलबजावणी करता येईल असे काहीच नसते. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेले ‘आईला नीट सांभाळेन’ हे हमीपत्र म्हणजे आदेश नव्हे, त्यावर वॉरंट निघत नाही. कायद्याच्या कलम ६ मध्ये समेट झाला तर न्यायाधिकरणाने त्याप्रमाणे आदेश काढावा असे स्पष्ट आहे. तेव्हा समेट जरूर व्हावा, पण त्याच्या अटी आदेशात उतरल्या पाहिजेत: किती रुपये, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, कोणती खोली, औषधांचा खर्च कुणी करायचा, भेटीला येणाऱ्या कार्यकर्त्याला अडवायचे नाही. ‘हातात रोख देईन’ ही अट कधीही मान्य करू नये. रोख दिल्याचा पुरावा नसतो, आणि न दिल्याचाही नसतो.

भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. ती काढून टाकणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, पण ते मंजूर झाले नाही. त्याहून घातक आहे ते वसुलीच्या मुदतीचे कलम. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवे असेल, तर ती रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. आई-वडील काय करतात? वाट पाहतात. दिवाळीला देईल, पगारवाढ झाली की देईल, नातवाच्या परीक्षा झाल्या की देईल. सहा-सात महिन्यांनी अर्ज येतो तेव्हा जुन्या महिन्यांवर वॉरंट निघण्याचा मार्ग बंद झालेला असतो. म्हणून दर महिन्याच्या १० तारखेला पासबुक भरून घेणे, आणि दुसरा हप्ता चुकला की त्याच आठवड्यात वसुलीचा अर्ज देणे, हे ज्येष्ठांवर सोडता कामा नये. ते नेमलेल्या कार्यकर्त्याचे काम. स्वतःच्या मुलाला तुरुंगात पाठवणारा अर्ज सही करताना आईचा हात थरथरतो. अर्ज कार्यकर्त्याने तयार करून आणला आणि ‘हा नियमाप्रमाणे द्यावाच लागतो’ असे सांगितले, तर तिच्यावरचे ओझे बरेच हलके होते.

मुलगा सरकारी किंवा निमसरकारी नोकरीत असेल, तर भत्त्याच्या आदेशाची प्रत थेट त्याच्या वेतन अधिकाऱ्याकडे जावी. आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आई-वडिलांच्या खात्यात भरण्याचा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये घेतला होता. बाकीच्या जिल्हा परिषदांना आणि महापालिकांना तो घेण्यात अडचण काय आहे?

सून आणि जावई मात्र या कायद्यातल्या ‘मुले’ या व्याख्येत बसत नाहीत. मुलगा वारला आहे आणि घर सुनेच्या ताब्यात आहे, अशी प्रकरणे इथे अडकतात. पीडित व्यक्ती स्त्री असेल, तर कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली राहत्या घराचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकल्यापासून सून, मुलगी अशा स्त्रियांविरुद्धही तो लागू होतो. सासूला हे क्वचितच कुणी सांगते. सासऱ्यांसाठी असा मार्ग नाही, त्यांना पोलीस आणि दिवाणी न्यायालय एवढेच उरते.

घर नावावर करून देण्याचा विषय थोडक्यात, पण ठामपणे. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे बक्षीसपत्र करून घेणे फार सोपे झाले. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सांगितले. जानेवारी २०२५ च्या निकालात याच कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताने लावावा आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकते, असे म्हटले. म्हणजे दस्तात एक वाक्य असणे किंवा नसणे यावर म्हातारपणीचे छप्पर टिकते. साठी ओलांडलेल्या प्रत्येक दात्याला ते वाक्य वाचून दाखवणे दुय्यम निबंधकांना सक्तीचे करावे. आणि ज्येष्ठ निवाऱ्यात असताना सातबारावर फेरफाराची नोटीस निघाली आहे का, हे कार्यकर्त्याने दर पंधरवड्याला ‘आपली चावडी’ संकेतस्थळावर पाहावे. हरकतीची मुदत थोडी असते, आणि नोटीस जाते ती घरच्या पत्त्यावर, जिथे ते नसतात.

आता खुद्द घराकडे.

मुलाला बाहेर काढण्याचा आदेश झाला आणि ज्येष्ठ स्वतःच्या घरात एकटे परतले, ही ऐकायला सर्वांत चांगली शक्यता. पण नवी अडचण पहिल्याच रात्री सुरू होते. कुलपाच्या चाव्या मुलाकडे असतात, गॅसचे कनेक्शन आणि वीजबिलाचा नंबर त्याच्या मोबाइलला जोडलेला असतो, आणि तो दोन-चार आठवड्यांत ‘सामान न्यायला’ येतो. म्हणून ताबा देतानाच पंचनामा, त्याच दिवशी कुलूप बदलणे, आदेशाची प्रत स्थानिक पोलीस ठाण्यात आणि सोसायटीच्या सचिवांकडे किंवा पोलीस पाटलांकडे, आणि राहिलेल्या सामानासाठी एकच ठरलेला दिवस, तोही पोलिसांच्या समक्ष. घरात सून आणि लहान मुले असतील, तर प्रश्न वेगळा होतो. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की ज्येष्ठांचा कायदा वापरून सुनेचा राहत्या घराचा हक्क सरसकट पुसता येत नाही. तिथे घाईच्या आदेशापेक्षा घराची विभागणी जास्त टिकते: वेगळे दार, वेगळी चूल, वेगळे वीजमीटर.

बहुसंख्य ज्येष्ठ मात्र ज्या घरातून आले त्याच घरात, त्याच माणसांत परत जातात, आणि बहुतेकदा स्वतःच्या इच्छेने. नातवंडे तिथे असतात, नवऱ्याचा फोटो तिथे असतो, दारातली तुळस तिथे असते. ‘पुन्हा तिथेच कशाला जाता?’ असे त्यांना अपराधी वाटेल अशा सुरात विचारणे बंद झाले पाहिजे. निर्णय त्यांचा आहे, आपले काम तो धोक्याचा होऊ न देण्याचे आहे.

त्यासाठी भेटींचे वेळापत्रक हवे. पहिली भेट परतल्यापासून ७२ तासांच्या आत. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक, पुढचे दोन महिने पंधरवड्याला एक, नंतरचे नऊ महिने महिन्याला एक. एकूण सतरा भेटी होतात. एका कार्यकर्त्याने वर्षात २०० दिवस, दिवसाला तीन भेटी केल्या तर ६०० भेटी होतील, म्हणजे तो सुमारे पस्तीस ज्येष्ठांची जबाबदारी घेऊ शकेल. डोंगरी तालुक्यांत यापेक्षा कमी. जिल्ह्याला किती माणसे लागतील याचा हिशेब एवढा सरळ आहे.

भेट कशी करायची, हेही शिकवावे लागते. चहा पिऊन, सगळ्यांसमोर ‘बरे आहात ना आजी?’ विचारून परत आलेला माणूस काहीही पाहून आलेला नसतो. आजी ‘बरं आहे’च म्हणणार. किमान दहा मिनिटे एकांत मिळालाच पाहिजे. रक्तदाब तपासायचा आहे, डॉक्टरांनी शांत खोलीत तपासायला सांगितले आहे, हे कारण चालते. नाहीतर देवळापर्यंत किंवा आरोग्य केंद्रापर्यंत सोबत चालत जावे. प्रश्न नेमका असावा: काल रात्री काय जेवलात, किती वाजता, कुणी वाढले? खाट कुठे आहे ते पाहावे. ती आतल्या खोलीतून गॅलरीत, पडवीत किंवा गोठ्याशेजारी सरकली असेल, तर बाकी काही विचारायची गरज नाही. चष्मा, कवळी, काठी, कानाचे यंत्र जागेवर आहे का. यंत्रात सेल आहेत का. पाण्याचा तांब्या हाताला येतो का. शौचालयापर्यंत रात्री दिवा आहे का. कडी आतून लागते की फक्त बाहेरून? पायाची नखे बघावीत, ती बरेच सांगतात. गोळ्यांच्या पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. आणि प्रत्येक भेटीत वजन करावे. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो, तर तो धोक्याचा इशारा समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. सोबत न्यायचा साधा वजनकाटा हे या कामातले सर्वांत उपयोगी साधन आहे.

फोन बटणांचा असावा. एक, दोन, तीन या बटणांवर कार्यकर्ता, शेजारी आणि ११२ असे नंबर साठवून, दाबून पाहून द्यावे. एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक चांगला आहे, पण तो सकाळी आठ ते रात्री आठ चालतो. दारू पिऊन आलेला मुलगा रात्री अकराला हात उचलतो, तेव्हा ११२ लागतो, हे ज्येष्ठांना स्पष्ट सांगावे. घरात फोन स्पीकरवर घेतला जातो असे गृहीत धरून कार्यकर्त्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर भागेल असेच प्रश्न विचारावेत, आणि धोक्याचे एक साधे वाक्य आधीच ठरवून ठेवावे. ‘चष्म्याचा नंबर बदलायचा आहे’ असे आजोबा म्हणाले, की त्याच दिवशी माणूस दारात हजर झाला पाहिजे. एकदा जरी तो गेला नाही, तर ते वाक्य पुन्हा कधी उच्चारले जाणार नाही.

औषधांबाबत दोन-तीन गोष्टी. निवाऱ्यातून निघताना तीस दिवसांच्या गोळ्या आणि मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले कार्ड द्यावे: सकाळ, दुपार, रात्र, कशासाठी. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या अचानक थांबल्या तर जिवावर बेतू शकते, म्हणून संपण्याआधी आठ दिवस पुढची सोय झालेली असावी. कार्डावर नसलेली झोपेची गोळी घरात दिली जात असेल, ज्येष्ठ दिवसभर गुंगीत असतील, तर तो छळाचाच प्रकार आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांचा फ्रिज अनेकदा दुसऱ्यांच्या ताब्यात असतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चालू बाटली ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मडक्यात, कोरड्या डबीत ठेवावी आणि चार आठवड्यांनी बदलावी. सत्तरीपुढच्यांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार देते, रोजच्या गोळ्या देत नाही. त्या सरकारी दवाखान्यातूनच घ्याव्या लागतात, तेव्हा तिथे नेणारे कुणीतरी आशाताईंच्या मदतीने ठरलेले असावे.

लेकीच्या घरी जाणाऱ्यांबद्दल एक मुद्दा आवर्जून. त्या पिढीला लेकीच्या दारात राहणे कमीपणाचे वाटते, म्हणून ते पोटभर जेवतही नाहीत, आणि दोन महिन्यांत ‘मी जातो माझ्या घरी’ सुरू होते. मुलाकडून येणारा भत्ता त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा होत असेल आणि त्यातून ते घरात काही देऊ शकत असतील, तर राहणे जमते. लेकीनेही ‘नको बाबा, राहू दे’ म्हणून भत्त्याचा अर्ज टाळू नये.

वृद्धाश्रमात जायचे झाल्यास अनामत रक्कम आणि ‘पालक’ म्हणून सही कुणाची, हे पाहावे. छळ करणाऱ्या मुलाचीच सही पालक म्हणून घेतली, तर तो पुढे कधीही येऊन ‘घेऊन जातो’ म्हणू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना बहुतेक वृद्धाश्रम घेतच नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात थोड्या तरी खाटा शासनाने स्वतः ठेवल्या पाहिजेत, याला दुसरा पर्याय नाही.

छळ करणारा प्रत्येक जण सारखा नसतो. आईच्या पेन्शनवर दारू पिणारा बेकार मुलगा आणि तीन वर्षे सासऱ्यांचे अंथरूण बदलून थकलेली, चिडलेली सून यांना एकच औषध चालत नाही. पहिल्यासाठी व्यसनमुक्ती केंद्राची नोंद आणि तोवर वेगळे राहणे. दुसरीसाठी आठवड्यातून दोन दिवस मदतनीस, डायपरचा खर्च, आणि महिन्यातून काही दिवस ज्येष्ठांना दुसरीकडे ठेवण्याची सोय. दुसऱ्या प्रकारात पोलीस पाठवले, तर सासरे आणि सून दोघेही उघड्यावर पडतात. मानसिक आजाराची शंका असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला द्यावा.

पोलिसांसाठी एक गोष्ट. हद्दीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठाण्यात ठेवायची असते. निवाऱ्यातून मुलाच्या घरी परतलेली आई ‘एकटी’ नसते, म्हणून ती या यादीत येतच नाही. जिला भेटीची सर्वांत जास्त गरज, तीच वगळली जाते. परतलेल्या प्रत्येक ज्येष्ठाचे नाव त्या यादीत घालण्याचा आदेश निघाला, तर त्याला एक रुपयाही खर्च नाही. बीट अंमलदारांनी शक्यतो साध्या वेशात जावे. गणवेश दारात दिसला, की रात्री त्याची शिक्षा आईला मिळू शकते.

आणि शेवटची, आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीची मागणी. परत गेलेल्या ज्येष्ठांना पुन्हा निवाऱ्यात यावे लागले, तर दार उघडे हवे. आज दुसऱ्यांदा आलेल्यांना नवा अर्ज, नवी वैद्यकीय तपासणी, नवे पोलीस पत्र मागितले जाते, आणि ‘तुम्हीच गेलात ना?’ हे ऐकावे लागते. त्यामुळे दुसरी वेळ येईपर्यंत ते फार सहन करतात, कधी कधी जास्तच. बाहेर पडताना प्रत्येकाला एक पत्र द्यावे: ‘या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत, दिवसा किंवा रात्री, कोणत्याही कागदाशिवाय परत प्रवेश.’ त्याची एक प्रत निवाऱ्यात, एक पोलीस ठाण्यात, एक ज्येष्ठांच्या हातात.

कामांची वाटणी आम्ही अशी सुचवतो. विभागाने प्रत्येक जिल्ह्यात पाठपुरावा कार्यकर्त्यांची पदे आणि प्रवासखर्च मंजूर करावा, आणि रेशनकार्डाचे परिपत्रक अन्न व नागरी पुरवठा विभागाकडून काढून घ्यावे. जिल्हाधिकाऱ्यांनी कायद्यानुसार नेमलेल्या निर्वाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा समाज कल्याण अधिकाऱ्यांकडे, परतलेल्यांची नोंदवही ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तिचा आढावा घ्यावा: किती भेटी झाल्या, भत्ता जमा झाला का, वजन किती, पुन्हा प्रवेश किती. उपविभागीय अधिकाऱ्यांनी तडजोडीचा प्रत्येक अर्ज आदेशानेच निकाली काढावा. फेस्कॉमशी, म्हणजे राज्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी, जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे गावोगावी आहेत. शेजारचा ‘नक्की येणारा माणूस’ तिथूनच सहज मिळेल, त्यांना फक्त रीतसर विचारावे.

भेटींचा नमुना फॉर्म, आदेशात घालायच्या अटींचा मसुदा आणि पुनःप्रवेशाच्या पत्राचा नमुना आमच्याकडे तयार आहे. आपल्या कार्यालयाने बैठकीची तारीख कळवावी, आम्ही तिन्ही घेऊन येतो.

आपले,
ज्येष्ठ नागरिकांच्या निवारा, समुपदेशन व कायदेविषयक मदतीच्या कामातील कार्यकर्ते